अर्धशिशी मेडिकलच्या काउंटरवर सोडून चालणार नाही

"डोकं ठणकतंय, एक चांगली गोळी द्या." महाराष्ट्रातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये ही मागणी दिवसातून कितीतरी वेळा होते आणि ती पुरवायला अर्धं मिनिटही लागत नाही. काउंटरमागचा मुलगा स्ट्रिपमधून दोन गोळ्या कातरतो, पैसे घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. या महिन्यात अशा गोळ्या किती दिवस घेतल्या, हे तो विचारत नाही. विचारायला त्याला कुणी सांगितलेलंही नाही. अर्धशिशीच्या रुग्णाला मात्र सगळ्यात आधी हेच विचारायला हवं.

रक्तदाब आणि मधुमेह हे आजार आपल्या प्राथमिक आरोग्य व्यवस्थेने आपले मानले. उपकेंद्रात पट्टा बांधून रक्तदाब मोजला जातो, नोंद होते, गोळ्या मिळतात. अर्धशिशी मात्र कुणाचीच नाही. सरकारी दवाखान्यात ती 'डोकेदुखी' म्हणून दोन पॅरासिटामॉलवर संपते, खासगीत ती सीटी स्कॅनपर्यंत जाते आणि या दोन्हींच्या मधला सगळा काळ ती मेडिकलच्या काउंटरवर असते. हे बदलायला हवं आणि त्याची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच व्हायला हवी. निदानाला यंत्र लागत नाही, लागणारी बहुतेक औषधं जुनी आणि स्वस्त आहेत, आणि काहीच न करण्याची किंमत मोठी आहे. वेदनाशामकांचा मारा वाढला की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं.

आजाराचा पसारा लहान नाही. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी शहरात आणि आसपासच्या खेड्यांत १८ ते ६५ वयाच्या २३२९ लोकांची घरोघरी पाहणी केली होती. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास निघालं. बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त होतं. 'हा कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांचा आजार' असं म्हणणाऱ्यांनी यातला खेड्याचा आकडा पाहावा. आजारपणात काढलेल्या वर्षांचा जगभराचा जो हिशेब २०१९ साली झाला, त्यात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये अर्धशिशी पहिल्या क्रमांकावर होती. तरीही तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. तिने माणूस दगावत नाही, तिची साथ येत नाही, रिपोर्टात काही दिसत नाही, आणि झटका ओसरला की तीच बाई दुसऱ्या दिवशी शेतात किंवा लोकलमध्ये उभी असते.

आपल्याकडे या आजाराला सगळ्यात जास्त चिकटलेलं नाव म्हणजे पित्त. समज का पक्का झाला, हे समजण्यासारखं आहे. सकाळी डोकं जड होतं, मळमळतं, जेवण नको वाटतं, दुपारी उलटी होते, मग झोप लागते आणि उठल्यावर बरं वाटतं. यावरून कुणीही काढेल तो निष्कर्ष काढला जातो: पित्त चढलं होतं, ते पडलं, डोकं उतरलं. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. झटका मेंदूत सुरू होतो. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणांची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस चेतवली जाते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं, आणि याच गडबडीत जठराची हालचाल मंदावते. अन्न पोटात पडून राहतं म्हणून मळमळ होते. उलटी बऱ्याचदा झटका उतरणीला लागताना होते, म्हणून श्रेय तिला मिळतं. मग मिठाचं पाणी पिऊन किंवा घशात बोटं घालून उलटी काढण्याचा उद्योग सुरू होतो. त्यात अर्ध्या तासापूर्वी घेतलेली गोळी बाहेर पडते आणि शरीरातलं पाणी कमी होतं. पुढे कुणीतरी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची पॅन्टोप्रॅझोल सुरू करून देतं आणि ती पाच-पाच वर्षं चालते. जळजळ त्याने थांबते. अर्धशिशीला त्याचा काही उपयोग नाही.

दुसरं नाव सायनस. कपाळात आणि डोळ्यांमागे दुखतं, नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे ते पटतंही. पण नाक आणि डोळ्यांची ही लक्षणं अर्धशिशीतही होतात, कारण त्याच नसेच्या साखळीतून तिथल्या ग्रंथी चेतवल्या जातात. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, स्वतःला किंवा डॉक्टरांना 'सायनसची डोकेदुखी' वाटणाऱ्या २९९१ लोकांची नीट चौकशी केली गेली. त्यातल्या ८८ टक्क्यांचा त्रास अर्धशिशीच्या निकषांत बसला. घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड नाही, ताप नाही, वास घेण्याची शक्ती शाबूत आहे आणि तरी महिन्यातून तीनदा 'सायनस' उठतो, तर तो सायनस नसण्याचीच शक्यता जास्त.

तिसरं नाव मानेचं. झटक्याच्या आधी आणि झटक्यात मान आखडणं हे अर्धशिशीचं अगदी नेहमीचं लक्षण आहे. पण चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढला तर मणक्यांत थोडी झीज दिसतेच, आणि ती दिसली की स्पॉन्डिलोसिसचा शिक्का बसतो, गळ्यात पट्टा येतो, ट्रॅक्शनच्या फेऱ्या सुरू होतात. चौथा संशय चष्म्याच्या नंबरावर जातो. त्याबद्दल एवढंच पुरे: नंबर वाढल्याने संध्याकाळी डोळे थकतात, त्याने उलट्या होत नाहीत.

मग ओळखायचं कसं? तीन प्रश्न पुरतात. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एखादा दिवस तरी काम, शाळा किंवा घरकाम अडलं का? डोकं दुखताना मळमळतं का? दुखताना उजेड नकोसा होतो का? तीनपैकी दोनांना 'हो' असेल तर अर्धशिशीची शक्यता बरीच मोठी. पक्क्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकषही अवघड नाहीत. निदान पाच झटके झालेले असावेत. औषध न घेता किंवा लागू न पडता झटका ४ ते ७२ तास टिकावा. एका बाजूला दुखणं, ठोके पडणं, मध्यम ते तीव्र वेदना, आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने त्रास वाढणं यांपैकी दोन गोष्टी असाव्यात. आणि मळमळ-उलटी किंवा उजेड व आवाज दोन्ही न सोसणं यांपैकी एक असावं. नावात 'अर्ध' असलं तरी दोन्ही बाजूंना दुखतं म्हणून अर्धशिशी नाही, असं ठरत नाही. काहींना दुखण्याच्या आधी ५ ते ६० मिनिटं डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात किंवा हाताला-ओठाला मुंग्या येऊन त्या हळूहळू पसरतात. याला ऑरा म्हणतात आणि त्याचं महत्त्व पुढे येईलच.

हे सगळं बोलण्यातून कळतं. नसांची तपासणी ठीक असेल आणि वर्णन असं जुळत असेल, तर स्कॅनची गरज नसते, कारण अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसतच नाही. 'एकदा काढून टाकू, मनाची शांती' या वाक्यावर तालुक्याच्या गावातली किती सेंटरं चालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. शिवाय नॉर्मल रिपोर्टने शांती मिळतेच असं नाही. 'रिपोर्टात काही नाही, म्हणजे नाटकं करते' असं घरात बोललं जातं, तेव्हा तोच कागद बाईच्या विरोधात पुरावा होतो.

काही डोकेदुख्या मात्र थांबायच्या नसतात. मिनिटभरात शिखराला पोहोचणारी, आयुष्यात कधी अनुभवली नाही अशी वेदना; पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास; सोबत ताप आणि ताठ मान; हात-पाय लुळे पडणं, जीभ अडखळणं, फिट येणं; गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नव्याने सुरू झालेली डोकेदुखी; डोक्याला मार लागल्यानंतरची; खोकताना किंवा आडवं पडल्यावर वाढणारी; कॅन्सर किंवा एचआयव्ही असलेल्या रुग्णाची. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. स्कॅनचे पैसे खर्च व्हायला हवेत ते इथे.

आता गोळीबद्दल. आपल्याकडे लोक गोळ्या जास्त खातात, असं सरसकट म्हटलं जातं. खरी गोष्ट जरा विचित्र आहे. एका झटक्यात लोक पुरेशी गोळी घेत नाहीत आणि महिन्याच्या हिशेबात मात्र फार घेतात. 'बघू अजून थोडा वेळ, नाहीच थांबलं तर घेऊ' म्हणत दोन-तीन तास काढायचे, मग अर्धी गोळी चहाबरोबर घ्यायची, उपयोग झाला नाही की संध्याकाळी उरलेली अर्धी, रात्री वेगळ्या कंपनीची एक. तोवर जठर थंडावलेलं असतं, गोळी आतड्यात पोहोचत नाही, आणि मेंदूतली साखळी इतकी चेतलेली असते की केस विंचरणंही दुखतं. त्या अवस्थेत कुठलीही गोळी फिकी पडते.

औषध घ्यायचं ते दुखणं सौम्य असताना, पहिल्या अर्ध्या-एक तासात, आणि पूर्ण डोसमध्ये. ५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या प्रौढासाठी पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन. वजन कमी असेल तर डॉक्टरांना विचारून त्या हिशेबात कमी. किंवा आयबुप्रोफेन ४०० ते ६००, किंवा नॅप्रोक्सेन ५००. जठरव्रण, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर शेवटच्या दोन्ही टाळायच्या. पावसाळ्यात ताप असताना डोकं दुखत असेल तर डेंग्यूची शक्यता धरूनही त्या टाळायच्या. मळमळ असेल तर सोबत डॉम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या चिठ्ठीने. हे केवळ उलटी थांबवायला नसतं. त्याने जठर हलतं आणि वेदनाशामक पुढे सरकतं. दोन झटक्यांत हे नीट करूनही भागलं नाही, तर ट्रिप्टान, म्हणजे खास अर्धशिशीच्या झटक्यासाठीचं औषध: सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम, किंवा रिझाट्रिप्टान १०. प्रोप्रानोलॉल (त्याबद्दल पुढे येईलच) चालू असेल तर रिझाट्रिप्टान ५ च. पहिल्या गोळीने काहीच फरक पडला नाही तर त्याच झटक्यात ट्रिप्टानची दुसरी गोळी घेऊ नये. बरं वाटून दुखणं परत आलं तर निदान दोन तासांच्या अंतराने घेता येते. हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेला असणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब, या रुग्णांना ट्रिप्टान द्यायचं नाही. सुमाट्रिप्टान १९९० च्या दशकापासून वापरात आहे आणि २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. तीस वर्षं जुनं औषध आपल्याकडे आजही मेंदूविकारतज्ज्ञाच्याच चिठ्ठीवर दिसतं, याला कारण औषध नाही, सवय आहे.

उलट काउंटरवर सहज मिळतात त्या मिश्र गोळ्या. घराघरांत माहीत असलेल्या सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे झटक्याला लागणाऱ्या डोसचा पाव हिस्सा. सोबत प्रोपिफेनाझोन आणि कॅफिन. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्या यादीत ती होती. जुनी, १९८८ पूर्वीपासूनची म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तिला त्यातून वगळलं. जुनी आहे हा कायद्याचा मुद्दा झाला, अर्धशिशीला योग्य आहे की नाही हा वेगळा. त्याहून घातक म्हणजे अर्गोटामिन असलेल्या गोळ्या. या रक्तवाहिन्या आवळतात. हृदयरोग्याला आणि गरोदर बाईला त्या चालत नाहीत, आणि घसा-छातीच्या संसर्गासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनबरोबर घेतल्या तर बोटांचा रक्तपुरवठा बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. चिठ्ठीशिवाय त्या विकायच्याच नाहीत. काउंटरवर 'डोक्याची स्ट्राँग गोळी' म्हणून काय मिळतं, ते एकदा पाकीट उलटं करून वाचावं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. साध्या वेदनाशामकांच्या गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या, ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय औषधं १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक चालली, की मूळच्या अर्धशिशीवर एक दुसरी डोकेदुखी बसते, औषधातिरेकाची. गोळ्यांची संख्या इथे मोजायची नसते, दिवस मोजायचे असतात. एका दिवशी तीन घेतल्या तर तो एकच दिवस. रोज एक घेतली तर तीस दिवस. रुग्णाला हे उलट वाटतं. 'रोज एकच तर घेते' हे वाक्य ती अभिमानाने सांगते आणि धोका नेमका तिथेच असतो. सकाळी उठतानाच डोकं भरलेलं, गोळी घेतली की चार तास बरं, मग पुन्हा तेच, असं झालं म्हणजे गाडी इथे पोहोचली. आठवड्याला दोन दिवसांपेक्षा जास्त वेदनाशामक नको, हा नियम पाळला तर तिथवर सहसा पोहोचत नाही.

पोहोचलेल्या माणसाला बाहेर काढता येतं. साधी वेदनाशामकं आणि ट्रिप्टान एकदम बंद करता येतात. अफूवर्गीय मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. बंद केल्यावर डोकं आधी जास्त दुखतं. ट्रिप्टानच्या बाबतीत हा काळ सरासरी चार दिवसांचा, साध्या वेदनाशामकांच्या बाबतीत नऊ-दहा दिवसांचा. हे आधी सांगितलं नसेल तर रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'औषध सोडलं आणि वाढलंच' म्हणून मेडिकल गाठतो, आणि त्याचं काही चुकत नाही. सगळं एकदम थांबवावं की आधी प्रतिबंधक, म्हणजे झटके कमी यावेत म्हणून रोज घ्यायचं औषध सुरू करून गोळ्या कमी होऊ द्याव्यात, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. गावपातळीवर दुसरा मार्ग जास्त माणसांना झेपेल, असं आमचं मत आहे.

प्रतिबंधक औषध असतं, हेच बहुतेक रुग्णांना कुणी सांगितलेलं नसतं. महिन्यात चार किंवा जास्त दिवस झटके येत असतील, किंवा कमी येऊनही माणूस पार आडवा होत असेल, तर ते सुचवायला हवं. दोन औषधं प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवीत. पहिलं प्रोप्रानोलॉल: २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून, दोन आठवड्यांनी ४० दोनदा, गरज पडली तर पुढे, दमा असेल, नाडी मंद असेल तर नाही, आणि बंद करताना एकदम नाही. दुसरं अॅमिट्रिप्टिलिन: रात्री झोपायच्या दोन तास आधी १० मिलिग्रॅम, एक-दोन आठवड्यांनी १० ने वाढवत ३० ते ५० पर्यंत, झोप उडालेल्या, मानेचे-खांद्याचे स्नायू आखडणाऱ्या रुग्णाला हे जास्त मानवतं. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, पहिला आठवडा सकाळी सुस्ती असते. फ्लुनारिझिन आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. वजन वाढतं, उदासी येऊ शकते, वयस्करांत हात थरथरतात, म्हणून वर्षानुवर्षं नको. टोपिरामेटने मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, मुतखडा होऊ शकतो. मूल होण्याच्या वयात व्हॅल्प्रोएट टाळायचंच आणि टोपिरामेटही गर्भाला धोक्याचं.

यात जिथे गाडी अडते ती जागा औषधशास्त्रात नाही. रुग्ण चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाते आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "ही तर डिप्रेशनची गोळी आहे, तुम्हाला कशाला?" किंवा घरी मुलगा मोबाइलवर शोधतो आणि सांगतो, "आई, ही बीपीची गोळी, तुला तर बीपी नाही." गोळी डब्यात पडते. डॉक्टरने चिठ्ठी लिहितानाच सांगायला हवं की हे औषध दुसऱ्या आजारातही वापरतात, इथे डोस लहान आहे, काम वेगळं आहे. दुसरं असं, की परिणाम दिसायला पुरेशा डोसवर ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत 'लागू पडलं नाही' म्हणून तीन डॉक्टर बदललेले रुग्ण सर्रास दिसतात. त्यांना तीन औषधं लागू पडली नाहीत असं नाही, एकही पुरतं घेतलं गेलं नाही. आणि यश म्हणजे झटके संपणं नव्हे. महिन्याला आठचे चार झाले, तर औषध चाललं. सहा महिने ते वर्षभर टिकलं की हळूहळू कमी करून पाहता येतं.

झटके मोजल्याशिवाय यातलं काहीच करता येत नाही, आणि त्यासाठी अॅप लागत नाही. दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख ज्या कालनिर्णयवर लिहिली जाते, त्याच चौकोनात झटक्याच्या दिवशी एक फुली, घेतलेल्या गोळीचं आद्याक्षर, आणि पाळीच्या दिवसावर एक टिंब. तीन महिन्यांची ही तीन पानं डॉक्टरला कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगतात. फुल्या टिंबाभोवती गोळा झाल्या असतील तर उपचारही त्या दिवसांपुरता आखता येतो.

पथ्याच्या बाबतीत आपल्याकडे उत्साह फार. चीज, चॉकलेट, दही, आंबट, ऊन, वारा, अशी पानभर यादी हातात दिली जाते आणि पुढचा प्रत्येक झटका रुग्णाच्या पथ्यभंगाच्या खात्यावर जमा होतो. झटक्याच्या आधीच्या तासांत जांभया येतात, वारंवार लघवीला होतं, गोड खावंसं वाटतं. म्हणजे चॉकलेटमुळे झटका आला असं वाटतं तेव्हा कित्येकदा झटका सुरू झाला म्हणून चॉकलेट खाल्लेलं असतं. खरोखर महत्त्वाचं आहे ते नियमितपण. रोज जेवणाची वेळ, झोपेची आणि उठण्याची वेळ (रविवारीसुद्धा), पाणी, आणि चहाचं प्रमाण कायम.

उपासाचा प्रश्न इथेच येतो. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत, नवरात्रात नऊ दिवस, श्रावणी सोमवारी. लांबलेलं पोट आणि चुकलेला चहा या दोन्ही गोष्टी झटका आणतात. पण 'उपास सोडा' हा सल्ला दिला की बाई उपास सोडत नाही, डॉक्टर सोडते. त्यापेक्षा दर चार तासांनी दूध, फळ, राजगिरा किंवा वरई पोटात जाईल, चहा नेहमीच्या वेळी होईल, निर्जळी टाळली जाईल, आणि झटक्याची गोळी उपासात चालते हे सांगावं. एवढ्याने बरंच साधतं.

आता सरकारचं काम. आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीनंतरच्या सगळ्यांची रक्तदाब, मधुमेह आणि कॅन्सरसाठी तपासणी करायची योजना आहे. तिशी ते पन्नाशी हाच अर्धशिशीचा भरातला काळ. लगेच मनात येतं की आशाताईंच्या फॉर्ममध्ये तीन प्रश्न वाढवावेत. आमचा त्याला विरोध आहे. आशांच्या डोक्यावर आधीच इतके सर्व्हे आहेत की चौथ्या रकान्यात 'नाही' भरणं ही त्यांच्यासाठी जगण्याची युक्ती झाली आहे. त्याऐवजी घरोघर न जाता, जी व्यक्ती तीन महिन्यांत दुसऱ्यांदा डोक्याची गोळी मागायला उपकेंद्रात येते, तिलाच समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत, धोक्याची लक्षणं तपासावीत, रक्तदाब मोजावा, कॅलेंडरवर खुणा कशा करायच्या ते दाखवावं आणि महिन्याने बोलवावं. प्रतिबंधक औषध सुरू करायला डॉक्टर लागतो. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, नसेल तिथे ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर मिळू शकतो.

एक गोष्ट मात्र आशांनी विचारायलाच हवी आणि आज सहसा विचारली जात नाही. सरकारी माला-एन ही इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी आहे. ऑरा असलेल्या अर्धशिशीत ती दिली तर पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा बायकांना ती कुठल्याही वयात वर्ज्य आहे. 'डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं का?' हा एक प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर कॉपर-टी किंवा छाया ही इस्ट्रोजेन नसलेली गोळी. इथे प्रश्न डोकेदुखीचा राहत नाही, कुटुंब नियोजन कार्यक्रमाच्या सुरक्षिततेचा होतो.

औषध दुकानांचं काय? काहींना वाटतं, विक्रीवर कडक बंधनं आणा. ब्रिटनने १९९८ मध्ये पॅरासिटामॉलच्या पाकिटांवर मर्यादा घातली, साध्या दुकानात १६ गोळ्या, फार्मसीत ३२. ती प्रामुख्याने आत्महत्या रोखण्यासाठी होती. त्याच ब्रिटनने २००६ मध्ये सुमाट्रिप्टान फार्मासिस्टच्या सल्ल्याने, चिठ्ठीविना मिळू दिलं. दोन्ही निर्णयांत फार्मासिस्ट खरोखर दुकानात हजर असतो आणि प्रश्न विचारतो, हे गृहीत धरलेलं आहे. आपल्याकडे लायसन्स भिंतीवर असतं आणि फार्मासिस्ट बऱ्याचदा कुठेतरी दुसरीकडे. शिवाय ज्या वाडीपासून दवाखाना वीस किलोमीटरवर आहे, तिथे पॅरासिटामॉल महाग किंवा दुर्मिळ करणं हा रुग्णालाच दंड. म्हणून बंदी अर्गोटामिन आणि ट्रॅमाडॉलच्या बेकायदा विक्रीवर बजावावी, तीही कागदावरची नको. बाकी वेदनाशामकांच्या प्रत्येक स्ट्रिपमागे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत, 'डोकेदुखीसाठी महिन्यात १० दिवसांपेक्षा जास्त लागत असेल तर दवाखान्यात दाखवा' एवढं छापणं सक्तीचं करावं. डेन्मार्कने २०१६ मध्ये औषधातिरेकाच्या डोकेदुखीवर देशभर जनजागृती केली, त्यात फार्मसींना सोबत घेतलं होतं. त्यांच्याइतकी यंत्रणा आपल्याकडे नाही, पण स्ट्रिपवर छापायला यंत्रणा लागत नाही.

'अगदी मूलभूत सुविधा नाहीत आणि तुम्ही डोकेदुखी घेऊन बसलात' हा आक्षेप येणारच. पण ज्या आजाराचं निदान तीन प्रश्नांत होतं आणि ज्याची औषधं कपाटात आधीच रक्तदाबासाठी किंवा मनोविकारासाठी येतात, तो न हाताळणं म्हणजे काटकसर नव्हे. त्या बाईचे पैसे वाचत नाहीत. ते स्कॅनमध्ये, पट्ट्यात, पॅन्टोप्रॅझोलमध्ये आणि बुडालेल्या मजुरीत जातात.

सगळेच रुग्ण केंद्रात बरे होणार नाहीत. महिन्यात पंधराहून जास्त दिवस दुखणारे, पुरेशा डोसवर दोन प्रतिबंधक औषधं वापरूनही न सुधारलेले, ट्रॅमाडॉलवर अडकलेले, ऑराचं स्वरूप अचानक बदललेले, गरोदरपणात झटके वाढलेले, यांना वर पाठवावं लागेल. बोट्युलिनम टॉक्सिनची दर बारा आठवड्यांनी द्यायची इंजेक्शनं आणि सीजीआरपीला अडवणारी नवी, महागडी औषधं यांच्यासाठी राखून ठेवायला हवीत. पाठवताना चिठ्ठीवर नुसतं 'डोकेदुखी' लिहू नये. कोणतं औषध, किती डोसवर, किती आठवडे दिलं ते लिहावं आणि कॅलेंडरची तीन पानं जोडावीत, नाहीतर जिल्हा रुग्णालयात पुन्हा सीटी स्कॅनपासून सुरुवात होते.